खाल्लं किती, अंगी लागलं किती? वाढत्या डुकरांच्या खाद्याची पचनीयता चाचणी: ग्राहकांसाठी माहिती

खाद्याच्या पोत्यावर ‘प्रथिने १८ टक्के’ असं छापलेलं असतं. हा आकडा पोत्यात काय आहे ते सांगतो, डुकराच्या अंगी काय लागलं ते नाही. पिसांच्या भुकटीचंच बघा. तिच्यात प्रथिने ८० टक्क्यांच्या वर भरतात, कारण प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. नायट्रोजन पिसातला आहे की सोयापेंडेतला, याच्याशी त्या हिशोबाला काही देणंघेणं नाही. वाफेच्या दाबाखाली न शिजवलेली पिसं मात्र डुकराला फारशी पचत नाहीत. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी विचारतो: तुम्हाला खाद्यात काय आहे ते हवंय, की त्यातलं किती पचतं ते?

दुसरं हवं असेल तर हिशोब सोपा आहे. आत गेलं त्यातून बाहेर पडलं ते वजा करा; उरलं ते पचलं. समजा, एका डुकराने पाच दिवसांत ७.५ किलो खाद्य खाल्लं (पाणी वगळून, कोरड्या वजनाने) आणि १.२ किलो कोरडी विष्ठा टाकली. म्हणजे ६.३ किलो पचलं, पचनीयता ८४ टक्के. प्रथिनांचं गणितही असंच. खाद्यात १८ टक्के म्हणजे १,३५० ग्रॅम आत गेली. विष्ठेत २० टक्के म्हणजे २४० ग्रॅम बाहेर आली. पचनीयता ८२ टक्के. विष्ठेत प्रथिनांचा टक्का खाद्यापेक्षा जास्त बघून ग्राहक दचकतात. दचकू नका, विष्ठेचं एकूण वजनच किती कमी आहे ते बघा.

सगळी विष्ठा गोळा करायची पद्धत

गणित सोपं, गोळा करणं जिकिरीचं. डुक्कर एकेका पिंजऱ्यात ठेवतात. खाली जाळी असते, तिच्याखाली लघवीसाठी उतरतं तबक आणि बादली. बहुधा खच्ची केलेले नर घेतात, कारण त्यांची लघवी आणि विष्ठा वेगवेगळी पडते. पहिले पाच-सात दिवस फक्त सवयीचे, मोजायचं काही नाही. नव्या खाद्याला आतडं रुळायला तेवढा वेळ लागतोच. या दिवसांवर काटकसर करू पाहणाऱ्यांना आम्ही स्पष्ट नाही म्हणतो.

मग एका सकाळच्या खाद्यात चिमूटभर रंग मिसळतात, लाल फेरिक ऑक्साइड किंवा निळा इंडिगो कारमाइन. दुसऱ्या दिवशी, कधी त्याच्याही नंतर, विष्ठेत रंग दिसतो. पहिला रंगीत गोळा पडला की गोळा करणं सुरू. चार-पाच दिवसांनी पुन्हा रंग द्यायचा आणि तो विष्ठेत दिसला की थांबायचं. म्हणजे या दोन रंगांच्या मधल्या खाद्याचीच विष्ठा हाती येते. कोणी तरी पहाटे बॅटरी घेऊन तबकात लाल शोधत बसलेलं असतं. या कामाचा निम्मा वेळ असाच जातो. लघवीच्या बादलीत आधीच थोडं आम्ल घालून ठेवतात, नाहीतर नायट्रोजन अमोनिया होऊन हवेत उडतो आणि हिशोबातून गायब होतो.

इथली चूक नेहमी एकाच बाजूला झुकते. वरच्या उदाहरणात २०० ग्रॅम कोरडी विष्ठा पिंजऱ्याला चिकटून राहिली किंवा खाली सांडली, तर पचनीयता ८४ ऐवजी ८७ टक्के येईल. गव्हाणीबाहेर उडवलेलं खाद्य ‘खाल्लं’ म्हणून धरलं तरी आकडा फुगतोच. निष्काळजीपणे केलेल्या चाचणीत खाद्य नेहमीच चांगलं दिसतं. आकडा अपेक्षेपेक्षा गोड आला की आम्ही आधी तबक तपासतो.

मार्कर पद्धत

पिंजरे नसलेल्या गोठ्यासाठी ही पद्धत, आणि आमच्याकडचं बहुतेक काम याच पद्धतीने होतं. खाद्यात न पचणारा पदार्थ थोडा मिसळायचा, साधारण ०.३ ते ०.५ टक्के. टायटॅनियम डायऑक्साइड चालतं. क्रोमिक ऑक्साइडही वापरतात. डुक्कर खाद्य पचवतं, मार्कर तसाच राहतो, म्हणून विष्ठेत त्याचं प्रमाण वाढतं. खाद्यात ०.४० टक्के आणि विष्ठेत २.५० टक्के असेल, तर ०.४० भागिले २.५० म्हणजे ०.१६. सोळा टक्के बाहेर पडलं, चौऱ्याऐंशी पचलं. सगळी विष्ठा वजन करायची गरज नाही, नमुना पुरतो.

पण मग सगळा भार मिसळण्यावर येतो. मार्कर नीट कालवला नाही आणि तुम्ही पाठवलेल्या मुठीत ०.४० ऐवजी ०.४५ निघाला, तर तेच खाद्य ८२ टक्क्यांवर येतं. दोन टक्के गेले, आणि डुकराचा त्यात काही दोष नाही. म्हणून मार्कर आधी किलोभर भरड्यात कालवावा, मग तो भरडा सगळ्या खाद्यात मिसळावा. खाद्याचा नमुना एका पोत्यातून घेऊ नये. आठ-दहा जागांहून मूठमूठ घेऊन एकत्र करावा.

विष्ठा खरं सांगते का?

ऊर्जेबद्दल बऱ्यापैकी सांगते. प्रथिनांबद्दल नाही, आणि इथे बरेच लोक फसतात. लहान आतड्यात न पचलेलं प्रथिन मोठ्या आतड्यात गेलं की तिथले जिवाणू त्याच्यावर ताव मारतात. काही अमिनो आम्लं (प्रथिनं ज्यांची बनलेली असतात ते घटक) मोडतात, काही स्वतः बनवतात. मोठ्या आतड्यातून शोषला जातो तो मुख्यतः अमोनिया, आणि तो डुकराच्या काही कामाचा नसतो. युरिया होऊन लघवीवाटे निघून जातो. विष्ठेच्या हिशोबात मात्र तो ‘पचला’ म्हणून जमा होतो.

म्हणून अमिनो आम्लांची पचनीयता लहान आतड्याच्या शेवटी मोजतात. त्यासाठी शस्त्रक्रिया करून तिथे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची नळी बसवतात. नळीच्या तोंडाला पिशवी बांधली की हिरवट-पिवळा पातळ रस तिच्यात उतरतो. पिशवी भरली की, नाहीतर अर्ध्या तासाने तरी बदलून लगेच गोठवायची, कारण जिवाणू पिशवीतही काम थांबवत नाहीत. पशुवैद्यक, परवानग्या आणि शस्त्रक्रियेनंतरची निगा लागते, त्यामुळे ही चाचणी आम्ही स्वतः करत नाही. संशोधन केंद्रातून आलेल्या गोठवलेल्या नमुन्यांचं विश्लेषण तेवढं करतो.

एक गुंता उरतोच. त्या रसात सगळं खाद्यातलंच नसतं. पाचकरस, बुळबुळीत श्लेष्मा, आतड्याच्या झडलेल्या पेशी असा डुकराचा स्वतःचा मालही असतो. तो वजा न करता काढलेला आकडा म्हणजे भासमान पचनीयता. डुकराला प्रथिनविरहित खाद्य देऊन हा घरचा माल किती ते मोजतात आणि हिशोबातून काढतात. मग मिळते प्रमाणित पचनीयता. प्रथिनं कमी असलेल्या मक्यासारख्या धान्यात हा फरक मोठा पडतो, सोयापेंडेत थोडा. खाद्य बनवणाऱ्यांनी प्रमाणितच आकडे वापरावेत, असं आमचं ठाम मत आहे. मका आणि सोयापेंडेचे प्रमाणित आकडे मिश्रणात बेरजेने जुळतात. भासमान आकड्यांची तशी बेरीज जमत नाही.

भाजताना जास्त तापलेली पेंड आली तर लायसिन या अमिनो आम्लाची चाचणी वेगळी मागा. अति उष्णतेने लायसिन साखरेशी बांधलं जातं. प्रथिनांचा टक्का जवळपास तसाच दिसतो, पण डुकराच्या उपयोगी पडणारं लायसिन घटतं.

फॉस्फरसला विष्ठेचा हिशोब चालतो. धान्यातला बराचसा, साधारण दोन-तृतीयांश, फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो आणि डुकराकडे तो सोडवणारं विकर फारसं नसतं. तुम्ही खाद्यात फायटेज (म्हणजे तेच विकर) घालत असाल तर तसं लिहून कळवा, नाहीतर आकडा बघून आम्हीच बुचकळ्यात पडतो.

नमुने पाठवताना

किमान सहा डुकरांचे नमुने हवेत, प्रत्येकाचे वेगळे. जनावरागणिक दोन-चार टक्क्यांचा फरक सहज पडतो. एकाच डुकरावरून खाद्याचा न्याय करू नये. वजनं लिहा. तीस किलोच्या वाढत्या डुकराचा आकडा माद्यांना जसाच्या तसा लावता येत नाही, कारण मोठी मादी तंतू जास्त पचवते. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ताजी विष्ठा उचला. जमिनीवरची माती, भुसा, लघवी लागलेला भाग सोडून द्या. लगेच गोठवा. उन्हात वाळवून पाठवू नका. वाळता वाळता नायट्रोजन उडतो.

पिशवीवर डुकराचा क्रमांक, तारीख आणि मार्करचं नाव पक्क्या शाईने लिहावं, आणि पिशव्या दुहेरी बांधाव्यात. वाटेत बर्फ वितळला तर ही सूचना का दिली ते आमच्याआधी गाडीवाल्याला कळतं.