सात टक्क्यांची रांग: अमेरिकी ग्रीन कार्डवरील देशनिहाय मर्यादेची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यातील देशनिहाय मर्यादा, म्हणजे कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला किती ग्रीन कार्डे (कायम वास्तव्याचे परवाने) मिळू शकतात याची वरची हद्द, आज भारतीयांवरील अन्याय म्हणून ओळखली जाते. पण ही मर्यादा कायद्यात आली त्या दिवशी ती भारतीयांसाठी मोठी सुटका होती. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या लिबर्टी बेटावर ज्या कायद्यावर स्वाक्षरी झाली, त्याने भारताचा वार्षिक कोटा १०० वरून थेट कमाल २०,००० वर नेला. पुढे चार-पाच दशकांत तोच समान आकडा रांग लांबवणारा कसा ठरला, हे समजून घेतल्याशिवाय ही मर्यादा ‘न्याय्य’ आहे की नाही यावर चाललेला वाद नीट कळत नाही.

१९६५ पूर्वीचा इतिहास येथे थोडक्यात पुरे. १९२१ च्या कायद्याने प्रत्येक राष्ट्रीयत्वाला १९१० च्या जनगणनेतील त्याच्या परदेशजन्म लोकसंख्येच्या तीन टक्के जागा दिल्या. १९२४ मध्ये ते प्रमाण दोन टक्के झाले आणि आधार म्हणून मुद्दाम १८९० ची जुनी जनगणना घेतली गेली, कारण त्या वर्षापर्यंत दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांची लाट उसळलेली नव्हती. आशियाई माणसाला नागरिकत्वासच अपात्र ठरवून कोट्याबाहेर ठेवण्यात आले, आणि भारतीय ‘गोरे’ नाहीत असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्येच दिलेला होता. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला १०० जागा मिळाल्या. १९५२ च्या कायद्याने, जो अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून मंजूर झाला, वंशाची अट उघडपणे हटवली, पण आशियाई देशांचे नाममात्र कोटे तसेच ठेवले.

या १९५२ च्या कायद्यातील एक तरतूद मात्र थांबून पाहण्यासारखी आहे, कारण आजच्या वादातील सर्वांत गुंतागुंतीच्या संज्ञेचे मूळ तिच्याजवळ सापडते. ही संज्ञा म्हणजे ‘चार्जेबिलिटी’, म्हणजेच अर्जदाराला दिलेला व्हिसा कोणत्या देशाच्या खात्यावर टाकायचा याचा नियम. युरोपीय माणसाचे खाते त्याच्या जन्मस्थानावरून ठरत असे. लंडनमध्ये जन्मलेला इंग्रज ब्रिटनच्या खात्यात जाई. आशियाई माणसासाठी माप वेगळे होते. लंडनमध्येच जन्मलेल्या, पण निम्मे किंवा अधिक आशियाई रक्त असलेल्या व्यक्तीला जन्मस्थान बाजूला सारून वंशाच्या देशाच्या तुटपुंज्या कोट्यात टाकले जाई. १९४३ मध्ये चिनी लोकांना मिळालेल्या १०५ जागाही अशाच जगभरातील चिनी वंशाच्या सर्वांसाठी मिळून होत्या. त्यामुळे १९६५ मध्ये ‘फक्त जन्मस्थान पाहा’ हा नियम सर्वांना लागू झाला तेव्हा तो वंशभेदाच्या विरोधातला, काळाच्या मानाने पुरोगामी नियम होता. गंमत अशी, की वंश, लिंग, राष्ट्रीयत्व, जन्मस्थान किंवा निवासस्थान यांवरून व्हिसा देताना भेदभाव करू नये असे सांगणारे कलम आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना २०,००० हून अधिक जागा देऊ नयेत असे सांगणारी अट, या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात लिहिल्या गेल्या. मनाई आणि अपवाद जुळ्या भावंडांसारखे एकत्रच जन्मले.

जन्मस्थानाचा हा नियम आजही तसाच आहे आणि त्याचे परिणाम पाहिले की सामान्य वाचक चक्रावतो. पुण्यात जन्मलेला अभियंता कॅनडाचा नागरिक झाला, तरी ग्रीन कार्डच्या रांगेत तो भारतीयच राहतो. गोव्यात जन्मून पोर्तुगालचा पासपोर्ट घेतलेल्या व्यक्तीचेही तेच. पासपोर्ट युरोपचा असला तरी खाते भारताचे. उलट, आईवडील नोकरीनिमित्त कुवेतमध्ये राहत असताना तेथे जन्मलेली, पण सारे शिक्षण मुंबईत झालेली आणि भारताचाच पासपोर्ट बाळगणारी मुलगी कुवेतच्या खात्यात जाते आणि तिच्यासाठी ती लांबलचक रांग नसतेच. पतिपत्नींपैकी एकाचे जन्मस्थान दुसऱ्याला वापरता येते, म्हणून तिच्याशी विवाह झालेल्या पुण्याच्या अभियंत्याचीही सुटका होते. लहान मुलांना आईवडिलांचे खाते वापरता येते, पण मुलाच्या जन्मस्थानाचा लाभ आईवडिलांना मिळत नाही. कौशल्य, पगार, शिक्षण, अमेरिकेत काढलेली वर्षे, यांपैकी कशालाही या हिशेबात स्थान नाही. नोकरी देताना जन्मस्थान विचारणे ज्या देशात बेकायदा ठरू शकते, त्याच देशात कायमच्या वास्तव्याची पाळी जन्मस्थानावरून ठरते, हा विरोधाभास मर्यादेच्या समर्थकांनाही सहजी झटकता येत नाही.

‘कोटा’ या शब्दानेही घोटाळा वाढवला आहे. आपल्याकडे कोटा म्हटले की राखीव जागा डोळ्यांपुढे येतात. येथे प्रत्येक देशासाठी जागा राखलेल्या नाहीत. एका देशाने किती घ्याव्यात याची वरची हद्द तेवढी आखलेली आहे. १९६५ पूर्वी होता तो खरा कोटा, नंतर आली ती कमाल मर्यादा. हा फरक शाब्दिक वाटला तरी महत्त्वाचा आहे, कारण इतर देशांनी न वापरलेल्या जागा पुढे भारतीयांना मिळू शकल्या त्या याच फरकामुळे.

२०,००० ची मर्यादा सुरुवातीला फक्त पूर्व गोलार्धाला होती आणि त्या गोलार्धाच्या एकूण जागा १,७०,००० होत्या. म्हणजे एका देशाला जवळजवळ १२ टक्के वाटा मिळू शकत होता. १९७६ मध्ये हीच मर्यादा पश्चिम गोलार्धालाही लागू झाली आणि मेक्सिकोची रांग तेव्हापासून वाढू लागली. १९७८ मध्ये दोन्ही गोलार्धांची बेरीज करून २,९०,००० ही एकच जागतिक मर्यादा ठरली, पण देशाचे २०,००० तसेच राहिले. वाटा सात टक्क्यांच्या आत आला. आकडा न बदलता मर्यादा अशी आवळली गेली आणि तेव्हा भारतात त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही, कारण साठ-सत्तरच्या दशकांत मुंबई-पुण्याहून गेलेल्या डॉक्टर-अभियंत्यांच्या पिढीला रांग म्हणजे काय हे बहुतांशी ठाऊकच नव्हते. त्या पिढीने तिकडे महाराष्ट्र मंडळे उभारली; तिच्यानंतर गेलेल्यांच्या वाट्याला प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतील पाळी ठरवणारी तारीख, आली.

आजच्या रांगेचा खरा पाया १९९० च्या कायद्याने घातला. त्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला १,४०,००० केली, कुटुंबाधारित जागांना २,२६,००० चा तळ दिला आणि दोन्हींच्या बेरजेच्या सात टक्के, म्हणजे २५,६२० ही देशनिहाय मर्यादा ठेवली. नोकरीच्या जागांपुरता हिशेब केला तर एका देशाच्या वाट्याला सुमारे ९,८०० येतात, आणि ईबी-२ (उच्चशिक्षित) किंवा ईबी-३ (कुशल कामगार) यांसारख्या एकेका प्रवर्गात सुमारे २,८००. त्याच कायद्याने एच-१बी हा कुशल कामगारांचा तात्पुरता व्हिसा वर्षाला ६५,००० च्या मर्यादेसह आजच्या रूपात आणला आणि त्यावर देशनिहाय बंधन मात्र ठेवले नाही. तात्पुरत्या दाराला देश विचारायचा नाही आणि कायमच्या दाराशी पोहोचल्यावर पहिला प्रश्न जन्मस्थानाचा करायचा, अशी ही रचना होती. शिवाय एच-१बीच्या मर्यादेत पतिपत्नी व मुले मोजली जात नाहीत, पण १,४०,००० मध्ये मोजली जातात. प्रत्यक्षात त्यांतील निम्म्याहून अधिक जागा कुटुंबीयांनाच लागतात. केवळ कामगार मोजावेत की संपूर्ण कुटुंब, याबाबत कायद्याच्या शब्दरचनेवर आजही वाद घातला जातो, परंतु प्रशासनाने पहिल्यापासून कुटुंब मोजण्याचीच पद्धत चालवली आहे. देशनिहाय मर्यादेवर जेवढी शाई खर्च झाली, त्याच्या दशांशही या एका पद्धतीवर झालेली नाही, आणि माझ्या मते रांगेच्या लांबीला ती तेवढीच जबाबदार आहे.

२००० साली संगणक क्षेत्राची भरभराट असताना दोन परस्परविरोधी परिणाम घडवणारा कायदा आला. एच-१बीची मर्यादा तीन वर्षांसाठी १,९५,००० पर्यंत वाढली. एखाद्या प्रवर्गात त्या तिमाहीत जागा शिल्लक राहत असतील, तर त्या देशनिहाय मर्यादा न पाहता देता येतील अशी मुभा मिळाली आणि मागील वर्षांतील न वापरलेल्या जागाही परत मिळाल्या. परिणामी पुढची काही वर्षे तारखा खुल्या राहिल्या, म्हणजे पाळीची वाट न पाहता अर्ज करता आला. याच कायद्याने रांगेत अडकलेल्यांना एच-१बीच्या सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ घेत राहण्याची सोय दिली. ही सोय मानवी दृष्टीने आवश्यकच होती, पण तिच्यामुळे रांग लांबल्याची झळ धोरणकर्त्यांना लागेनाशी झाली. माणूस परत जात नाही, कर भरत राहतो, काम करत राहतो. मग घाई कशाची? २००५ पासून कामगार-प्रमाणपत्रांचे (त्या नोकरीसाठी अमेरिकी कामगार मिळत नसल्याचे सरकारी दाखले) साचलेले अर्ज एकदम निकाली निघू लागले, मागणीचा लोंढा आला आणि तारखा मागे गेल्या.

२००७ च्या जुलैने ही सारी व्यवस्था जगापुढे उघडी केली. जूनमध्ये निघालेल्या व्हिसा बुलेटिनने, म्हणजे कोणाची पाळी आली हे सांगणाऱ्या परराष्ट्र खात्याच्या मासिक पत्रकाने, जुलैसाठी नोकरीचे जवळजवळ सर्व प्रवर्ग सर्व देशांसाठी खुले केले. हजारो कुटुंबांनी वैद्यकीय तपासण्या उरकल्या, भारतातून जन्मदाखले आणि प्रतिज्ञापत्रे मागवली, वकिलांची शुल्के भरली. २ जुलै रोजी सुधारित बुलेटिन निघाले: अर्ज तपासणाऱ्या स्थलांतर खात्याने प्रलंबित अर्ज तातडीने निकाली काढून एका महिन्यात जवळजवळ ६०,००० जागा वापरल्या होत्या, त्यामुळे आता जागाच शिल्लक नाहीत. निषेध म्हणून अर्जदारांनी त्या खात्याच्या प्रमुखांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. एका हिंदी चित्रपटामुळे नुकताच तोंडी बसलेला ‘गांधीगिरी’ हा शब्द वॉशिंग्टनच्या वार्तांकनात पोहोचला, आणि ती फुले जखमी सैनिकांच्या रुग्णालयाकडे वळवण्यात आली. १७ जुलै रोजी निर्णय फिरला व १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले गेले. त्या महिन्यात अर्ज दाखल करू शकलेल्यांना कामाचा स्वतंत्र परवाना आणि नोकरी बदलण्याची मोकळीक मिळाली. काही महिन्यांनी मागे राहिलेल्यांना त्यासाठी कित्येक वर्षे थांबावे लागले. भारतीय अर्जदारांत ‘२००७ मध्ये भरलेले’ आणि ‘न भरलेले’ असे दोन वर्ग तेव्हापासून पडले.

यानंतरचा इतिहास मुख्यतः विधेयकांचा आहे. नोकरीच्या जागांवरील देशनिहाय मर्यादा काढून टाकणारे आणि कुटुंबाधारित जागांवरील मर्यादा सातवरून पंधरा टक्के करणारे विधेयक नोव्हेंबर २०११ मध्ये प्रतिनिधिगृहात ३८९ विरुद्ध १५ मतांनी मंजूर झाले आणि सिनेटमध्ये अडले. २०१९ मध्ये तशाच विधेयकाला ३६५ विरुद्ध ६५ मते मिळाली. २ डिसेंबर २०२० रोजी सिनेटने बराच बदललेला मसुदा एकमताने संमत केला, पण दोन्ही सभागृहांच्या मसुद्यांचा मेळ बसण्याआधीच सत्र संपले.

मते घटत का गेली, हे विरोधकांच्या युक्तिवादात दिसते. जागा न वाढवता मर्यादा काढली, तर रांग कमी होत नाही, ती इतरांच्या दारात जाते. पुढील कित्येक वर्षे ईबी-२ आणि ईबी-३ च्या बहुतेक जागा भारतात जन्मलेल्यांना मिळतील, आणि इराण, नायजेरिया किंवा ब्राझीलच्या संशोधकाला, फिलिपाइन्सच्या परिचारिकेला नव्याने वर्षानुवर्षे थांबावे लागेल. या म्हणण्यात तथ्य आहे. एकाच देशाने सारी व्यवस्था व्यापू नये हा विविधतेचा मुद्दाही पोकळ नाही, विशेषतः अलीकडच्या वर्षांत मंजूर एच-१बी अर्जांतील दर दहांपैकी सातांहून अधिक भारतात जन्मलेल्यांचे असताना. मात्र चार लाखांहून कमी लोकसंख्येच्या आइसलँडला आणि १४० कोटींच्या भारताला एकच कमाल हद्द लावणे म्हणजे समता, हे म्हणणे देशांना माणसे समजण्यासारखे आहे. एका अभ्यासगटाने २०१८ मध्ये उच्चशिक्षित भारतीयांच्या प्रवर्गातील प्रतीक्षा सुमारे १५१ वर्षे काढली होती. दरम्यान रांगेतील आईवडिलांच्या मुलांना २१ वर्षे पूर्ण होतात आणि ती रांगेतूनच बाहेर पडतात. जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला तोही २०१५ नंतर, काही अटींसह.

करोनाकाळात ही व्यवस्था अनपेक्षितपणे सैल झाली. परदेशातील दूतावास बंद पडल्याने कुटुंबाधारित जागा वापरल्या गेल्या नाहीत आणि नियमानुसार पुढील वर्षी त्या नोकरीच्या खात्यात आल्या. २०२१ च्या आर्थिक वर्षात नोकरीच्या जागा २,६२,२८८ झाल्या, पण कागदपत्रे वेळेत न हलल्यामुळे त्यांतील सुमारे ६६,००० जागा वर्षअखेरीस वाया गेल्या. पुढच्या वर्षी २,८१,५०७ जागा होत्या आणि त्या वापरल्या गेल्या. सप्टेंबर २०२२ च्या बुलेटिनमध्ये भारताच्या ईबी-२ ची तारीख १ डिसेंबर २०१४ होती. ऑक्टोबरमध्ये ती १ एप्रिल २०१२ वर मागे गेली. मर्यादा हटवणारे आणखी एक विधेयक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाच्या कामकाजात आले आणि मतदानाआधीच मागे घेण्यात आले.