महामार्ग रुंदीकरण आणि पूल बदलण्याआधीचा पुरातत्त्व सर्व्हे

रस्ता रुंद करायचाय किंवा जुना पूल पाडून नवा बांधायचाय, तर मशीन उतरायच्या आधी त्या पट्ट्यात जमिनीखाली जुनी वस्ती, दफनं, भट्ट्या असलं काही आहे का ते तपासतात, तोच हा सर्व्हे. अमेरिकेत १९५६ च्या महामार्ग कायद्यानेच रस्त्याच्या पैशातून अशी खोदाई करायची मुभा दिली होती, पण पक्की चौकट आली ती १९६६ च्या ऐतिहासिक वारसा जतन कायद्याच्या कलम १०६ ने. केंद्राचा निधी किंवा परवानगी लागली की हे कलम लागू. लोकांना वाटतं की काही सापडलं की रस्ता रद्द, तसं अजिबात नाही, कायदा एवढंच म्हणतो की आधी बघा, विचार करा, मग ठरवा. युरोपात १९९२ चा व्हॅलेटा करार साधारण हेच काम करतो.

आधी जुने नकाशे, जुनी रेकॉर्ड बघायची, मग पायी फिरायचं. नांगरलेलं शेत असेल तर खापरं वरच दिसतात, गवत असेल तर फावड्याने खड्डे, साधारण १५ ते ३० मीटरवर एक, गुडघाभर खोल. माती चाळणीतून काढायची, रंग मन्सेलच्या रंगपुस्तकाशी (रंगाच्या छटांचे क्रमांक दिलेलं नमुना-पुस्तक) जुळवून लिहायचा. नांगरटीचा काळपट थर संपून खाली कोरी, हात न लागलेली माती लागली की आणखी थोडं खणून थांबायचं. बऱ्याचदा चाळणीत उरतं काय तर मुळं आणि बाटलीची काच! तरी 'काही नाही' हाही निकालच, त्याचाही रिपोर्ट द्यावा लागतो. काही मिळालं तर दुसरा टप्पा, म्हणजे जागा किती महत्त्वाची ते ठरवणं, आणि रस्ता वळवता येत नसेल तरच तिसरा, पूर्ण खोदाई.

पुलाची जागा सगळ्यात अवघड. नदी जिथे सोपी तिथेच माणसं हजारो वर्षं ओलांडत आली, त्यामुळे तिथे सापडण्याची शक्यता जास्त, पण पुराचा गाळ थरावर थर बसून सगळं मीटर-दोन मीटर खाली गेलेलं असतं, तिथे फावड्याचे खड्डे काय कामाचे, मशीनने चर मारावे लागतात. वर जुना पूलच पन्नाशी ओलांडलेला असेल तर तोही वारसा आहे का हे वेगळं तपासायचं. आणि नुसत्या खांबांखालची जमीन बघून भागत नाही, पोचमार्ग, तात्पुरता वळणरस्ता, ठेकेदाराचं यार्ड, भरावासाठी माती काढायची खाण, हे सगळं त्यात धरायचं. नेमकं हेच सुटतं.

रुंदीकरणात कडेची जमीन गटारं आणि पाइपांनी आधीच उकरलेली असते, म्हणून तिथे काही नसणार असं धरून चालतात, ते बरेचदा खरंही असतं. पण जुन्या रस्त्याच्या भरावाखाली मूळ जमीन कधीकधी झाकून सुरक्षित राहते. अमेरिकेत फिलाडेल्फियात आय-९५ महामार्गाच्या कामात भर शहरात हजारो वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं निघाली. इंग्लंडात केंब्रिज-हंटिंग्डन ए१४ रस्त्याच्या कामात २०१६ ते २०१८ मध्ये अडीचशेच्या आसपास पुरातत्त्वज्ञ होते, मॅमथचे सुळे मिळाले आणि इ.स.पू. ४०० च्या सुमाराच्या बिअरचे पुरावेसुद्धा.

एक मर्यादा मात्र कायमची, कुठे खणायचं हे रस्ता ठरवतो, इतिहास नाही. घराची एक भिंत हद्दीत आली तर तेवढीच खणून नोंदवतात, उरलेलं घर शेजारच्या शेताखाली तसंच राहतं.