अडथळा ओलांडताना हवेत नेमके काय घडते?

अडथळ्यांच्या शर्यतीचे समालोचन ऐकताना ‘काय सुंदर उडी मारली!’ अशी दाद वारंवार कानी पडते. त्यामुळे ही शर्यत म्हणजे धावणे आणि उंच उडी यांचे मिश्रण, आणि ज्याची उडी उंच तो सरस, असा समज बहुतेक प्रेक्षकांच्या मनात घर करून बसतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. या शर्यतीत उंच उडणारा धावपटू मागे पडतो आणि प्रशिक्षकांची वर्षानुवर्षांची खटपट चालते ती उडीची उंची कमी करण्यासाठीच. याचे कारण शाळेत शिकलेल्या गतीच्या समीकरणांत आणि संवेग अक्षय्यतेच्या नियमात सापडते. ते सविस्तर सांगण्याचा मोह मला आवरत नाही, कारण इतके स्वच्छ भौतिकशास्त्र उघड्या डोळ्यांना दिसण्याचे प्रसंग क्रीडांगणावर फार थोडे येतात.

आधी मोजमापे पाहू. पुरुषांच्या ११० मीटर शर्यतीत १.०६७ मीटर उंचीचे दहा अडथळे असतात. पहिला अडथळा प्रारंभरेषेपासून १३.७२ मीटरवर असतो, पुढचे अडथळे एकमेकांपासून ९.१४ मीटरवर असतात आणि शेवटच्या अडथळ्यानंतर १४.०२ मीटर मोकळे धावायचे असते. हे आकडे अडनिडे वाटतात, कारण ते मूळचे यार्ड आणि फुटांतले आहेत: साडेतीन फूट उंची, पहिल्या अडथळ्यापर्यंत पंधरा यार्ड आणि पुढे प्रत्येकी दहा यार्ड. महिलांच्या १०० मीटर शर्यतीत अडथळ्याची उंची ०.८३८ मीटर आणि दोन अडथळ्यांमधील अंतर ८.५० मीटर असते. या शर्यतीतला विश्वविक्रम नायजेरियाच्या टोबी अमुसानने २०२२ मध्ये १२.१२ सेकंदांचा नोंदवला, तर अडथळ्यांविना १०० मीटरचा महिलांचा विक्रम १९८८ पासून १०.४९ सेकंदांचा आहे. धावपटू वेगवेगळ्या असल्या तरी अंदाज बांधायला ही तुलना पुरेशी आहे: दहा अडथळ्यांची एकूण किंमत १.६३ सेकंद, म्हणजे एका अडथळ्यामागे सेकंदाचा जेमतेम सहावा हिस्सा.

हा सहावा हिस्सा जातो कुठे? हवेत वेळ जातो, हे पहिले सुचणारे उत्तर पुरेसे नाही. हवेत असलेल्या धावपटूचा पुढे जाण्याचा वेग, हवेचा किरकोळ विरोध सोडला तर, कमी होत नाही, कारण आडव्या दिशेने त्याच्यावर दुसरे कोणतेही बल कार्य करत नसते. वेग घटतो तो जमिनीशी संपर्क असताना: एकदा झेप घेताना आणि एकदा उतरताना. झेप घेण्यासाठी जमीन जोरात खाली दाबावी लागते आणि त्यासाठी पाऊल शरीराच्या किंचित पुढे टेकवावे लागते, त्यामुळे जमिनीची प्रतिक्रिया काही क्षण धावपटूला मागेही ढकलते. जितकी उंच झेप, तितका हा मागचा धक्का मोठा.

आता थोडे गणित करू. झेप घेण्याच्या क्षणी धावपटूचा गुरुत्वमध्य, म्हणजे शरीराचे सारे वजन जणू जेथे एकवटलेले असते तो बिंदू, जेथे असतो तेथून तो २० सेंटीमीटर वर जातो असे समजू. गतीच्या समीकरणांनुसार त्यासाठी वरच्या दिशेने सेकंदाला सुमारे २ मीटर वेग लागतो आणि सर्वोच्च बिंदू गाठायला ०.२० सेकंद लागतात. तोच गुरुत्वमध्य २५ सेंटीमीटर वर गेला, तर हा वेळ जवळजवळ ०.२३ सेकंद होतो. चढताना जितका वेळ वाढला, साधारण तितकाच उतरताना वाढतो, म्हणून अवघ्या पाच सेंटीमीटरच्या जादा उंचीपायी धावपटू सुमारे ०.०५ सेकंद अधिक काळ हवेत राहतो. सेकंदाला साडेआठ मीटर वेगाने तो तेवढ्या काळात ४० सेंटीमीटर पुढे जाऊन उतरतो.

खरी अडचण इथून सुरू होते, कारण पुढचा अडथळा काही ४० सेंटीमीटर पुढे सरकत नाही. पुरुषांच्या शर्यतीत धावपटू अडथळ्याच्या दोन मीटरहून थोडे आधी झेप घेतो आणि अडथळ्यापलीकडे दीड मीटरच्या आत उतरतो, म्हणजे ९.१४ पैकी साडेतीन मीटर हवेतच संपतात. उरलेले सुमारे साडेपाच मीटर तीन पावलांत कापायचे असतात आणि प्रत्येक पावलाच्या वाट्याला दोन मीटरसुद्धा येत नाहीत. मोकळ्या शर्यतीत अव्वल धावपटूचे पाऊल सहज सव्वादोन ते अडीच मीटर पडते. अडथळ्यांमध्ये मात्र त्याला पाय आखडून धावावे लागते, त्यामुळे वेग वाढवण्याचा एकच मार्ग उरतो: पावले अधिक भरभर टाकणे. अशा स्थितीत ४० सेंटीमीटर पुढे उतरणे म्हणजे आधीच आखूड असलेली जागा आणखी आखूड करणे होय. म्हणूनच या शर्यतीत अडथळ्यावरचा क्षण पाहण्याऐवजी त्यानंतर टेकलेले पहिले पाऊल पाहावे, असे माझे मत आहे. ते गुरुत्वमध्याच्या खाली टेकले, तर वेग टिकतो. ते पुढे टेकले, तर जमीन पुन्हा मागे ढकलते.

मग गुरुत्वमध्य फारसा वर न नेता एक मीटरहून उंच अडथळा ओलांडायचा कसा? पाय जमिनीवरून सुटला की गुरुत्वमध्याचा मार्ग ठरून जातो आणि हवेत कितीही हातपाय हलवले तरी तो मार्ग बदलत नाही. बदलता येते ती त्या मार्गाभोवतीची शरीराची मांडणी. धावपटू धड पुढे झुकवतो, पुढचा पाय जवळजवळ सरळ समोर उचलतो आणि मागच्या पायाची मांडी बाजूला उघडून, गुडघा दुमडून, पाऊल बाहेरच्या बाजूला वळवून आडवी नेतो. शरीर असे चपटे केले की अडथळा आणि मांडी यांच्यात थोडीच फट राहते आणि तेवढे पुरते. पुढचा पाय सरळ ठेवून अडथळा ओलांडण्याची ही शैली रुजवण्याचे श्रेय अमेरिकेच्या आल्विन क्रेन्झलाइनला दिले जाते. पॅरिसच्या १९०० सालच्या ऑलिंपिकमध्ये त्याने ११० आणि २०० मीटर अडथळा शर्यतींसह चार वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली होती.

या मांडणीतला सर्वांत देखणा भाग कोनीय संवेगाचा, म्हणजे फिरण्याच्या गतीतील संवेगाचा आहे. फिरत्या खुर्चीवर पाय अधांतरी ठेवून बसावे आणि हात झटकन उजवीकडे फिरवावेत, की खुर्ची डावीकडे वळते. बाहेरून पीळ देणारे कोणी नसेल, तर एकूण कोनीय संवेग बदलू शकत नाही. हवेतला धावपटू नेमक्या याच अवस्थेत असतो. त्याचा उजवा पाय मागून बाजूने वळसा घेत पुढे येतो, तेव्हा वरून पाहिल्यास तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, आणि त्याची भरपाई झाली नाही तर धड घड्याळाच्या दिशेने वळून धावपटू तिरका उतरेल. ही भरपाई करतो त्याच बाजूचा, म्हणजे उजवा हात. तो पुढून बाजूने मागे जातो आणि वाटेत गुडघ्याला बाहेरून ओलांडतो. हाताचे वस्तुमान पायाच्या साधारण एकतृतीयांशच असल्याने त्याला मोठा वळसा घ्यावा लागतो, कारण फिरण्यातील जडत्व अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि कमी वस्तुमानाची उणीव अंतराने भरून काढता येते. दुसऱ्या प्रतलातही असाच जमाखर्च चालतो: अडथळा ओलांडताच पुढचा पाय झपकन खाली ओढला की त्याची प्रतिक्रिया म्हणून झुकलेले धड आपोआप उभे राहते.

काही वर्षांपूर्वी ‘होलोग्राम’ बसवलेल्या रबरी पट्ट्या खेळाडूंचा तोल सुधारतात, असा प्रचार जोरात होता आणि आजही कोणी मंत्रवलेला धागा, तर कोणी ऊर्जा देणारे कडे मनगटात घालून मैदानात उतरतो. श्रद्धेने मनाला धीर येत असेल तर येवो. परंतु तोल मनगटावरच्या वस्तूमुळे राहत नाही. तो त्या मनगटाने घेतलेल्या वळशामुळे राहतो आणि तो वळसा हजारो वेळा घोटूनच अंगी बाणतो.

अडथळ्याची रचनाही तितकीच विचारपूर्वक केलेली असते. त्याचे पाय येणाऱ्या धावपटूच्या दिशेला असतात, त्यामुळे धक्का लागला की तो पुढे कलंडतो. कलंडण्यासाठी वरच्या पट्टीच्या मध्यावर ३.६ ते ४ किलोग्रॅम वजनाइतके बल लागावे, असा नियम आहे. उंची बदलली की तरफेची भुजा बदलते, म्हणून पायांतली सरकती वजनेही हलवावी लागतात. पूर्वीचे उलट्या ‘टी’ अक्षराच्या आकाराचे अडथळे सहजासहजी कलंडत नसत. ‘एल’ आकाराचा अडथळा १९३५ साली आला. त्याआधी अडथळा पाडण्याची शिक्षाही कडक होती: लॉस एंजेलिसच्या १९३२ सालच्या ऑलिंपिकमध्ये आयर्लंडच्या बॉब टिस्डलने ४०० मीटर अडथळा शर्यत ५१.७ सेकंदांत जिंकली, पण शेवटचा अडथळा पडल्यामुळे विश्वविक्रम त्याच्या नावे लागला नाही. तो लागला ५२.० सेकंदांत दुसऱ्या आलेल्या ग्लेन हार्डिनच्या नावे.

४०० मीटरमध्ये अडथळे ३५ मीटरवर असल्याने प्रश्न पावलांच्या संख्येचा होतो. अमेरिकेच्या एडविन मोझेसने, जो भौतिकशास्त्राचाच पदवीधर होता, दोन अडथळ्यांमध्ये सुरुवातीपासून अखेरपर्यंत तेरा पावले टिकवली आणि १९७७ ते १९८७ या काळात सलग १२२ शर्यती जिंकल्या. संख्या विषम असली की प्रत्येक अडथळ्यावर तोच पाय पुढे येतो. दमून चौदा पावलांवर आलेल्या धावपटूला मात्र पाय आलटूनपालटून वापरावे लागतात. वळणावर डावा पाय पुढे असणे फायद्याचे ठरते, कारण मग मागून येणारा उजवा पाय वळणाच्या बाहेरच्या बाजूने फिरतो आणि धावपटूला आतली रेषा धरून धावता येते. उजवा पाय पुढे असेल, तर मागचा डावा पाय अडथळ्याच्या आतल्या कडेबाहेर लोंबकळण्याची भीती असते, आणि वरच्या पट्टीच्या पातळीखालून तो कडेने गेला, तर धावपटू बाद ठरतो.