तीन आठवड्यांचा खाडा

घरात लग्न निघालं, मग पाहुणे, मग देवदर्शन, आणि बघता बघता तालमीला तीन आठवड्यांचा खाडा पडला. बाविसाव्या दिवशी हौद्यातली माती कपाळाला लावली आणि ठरवलं, राहिलेलं सगळं आज भरून काढायचं. रोजच्या २०० बैठका त्या सकाळीही पुऱ्या झाल्या, पाय कुठे थरथरले नाहीत. दुसऱ्या दिवशी माडीवरून उतरताना मात्र कठडा धरावा लागला. तिसऱ्या दिवशी एकेक पायरी आडवं होऊन उतरलो.

वस्तादांनी मांडीवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाले, "ताकद कुठं गेली न्हवती रं तुझी. सवय मोडली हुती."

त्या दोन वाक्यांत किती शास्त्र आहे, हे मला पुढे वाचताना कळलं.

आधी ताकदीचं बघू. जपानमधल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात तरुणांचा एक गट २४ आठवडे सलग बेंच प्रेस, म्हणजे उताणं पडून छातीवरून वजन वर ढकलायचा व्यायाम, करत होता. दुसऱ्या गटाने ६ आठवडे व्यायाम, ३ आठवडे पूर्ण सुट्टी, पुन्हा ६ आठवडे व्यायाम असं चक्र ठेवलं. शेवटी दोन्ही गटांची ताकद आणि स्नायूंची जाडी जवळपास सारखीच वाढलेली निघाली. फिनलंडमधल्या २०२४ च्या अभ्यासात तर सुट्टी १० आठवड्यांची होती. तेवढ्यात स्नायू थोडे उतरले, ताकद त्या मानाने बरीच टिकली, आणि उतरलेलं सारं साधारण ५ आठवड्यांत परत आलं.

मग चार दिवसांत दंड बारीक का वाटतो? स्नायूत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. व्यायाम थांबला की साठा कमी होतो, पाणी उतरतं, बाही सैल वाटते. तेवढ्यावरून घाबरलेली पोरं मी दरवर्षी बघतो. स्नायू त्यांचा तिथेच असतो.

परत येणं सोपं का जातं, हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. शरीरातल्या बहुतेक पेशींना एकच केंद्रक, म्हणजे पेशीचा कारभार बघणारा गाभा, असतो, स्नायूच्या एका तंतूत मात्र शेकडो असतात. व्यायामाने तंतू वाढायचा असेल तर शेजारच्या राखीव पेशी त्यात मिसळतात आणि आपली केंद्रकं देऊन टाकतात. २०१० साली ओस्लोच्या क्रिस्तियान गुंडरसन यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की नंतर ३ महिने स्नायू निकामी ठेवला, तंतू सुकला, तरी नवी केंद्रकं शिल्लक राहिली. आपल्याकडे गळीत हंगाम संपला की कारखान्याचा बॉयलर थंडावतो, पण यंत्रं आणि कायम कामगार जागेवरच असतात. पुढच्या हंगामाला मोळी टाकली की गाळप सुरू. नवा कारखाना उभारावा लागत नाही. माणसात ही केंद्रकं किती काळ टिकतात यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण २०१८ साली ८ जणांवर झालेल्या एका प्रयोगात व्यायामाच्या काही खुणा जनुकांवर सुट्टीनंतरही टिकलेल्या सापडल्या, आणि दुसऱ्या फेरीत स्नायू पहिल्यापेक्षा जास्त वाढला.

मोडली ती सवय कसली? जोतिबाचा डोंगर चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरण्यामुळे. भार अंगावर असताना स्नायू लांबत जातो, तेव्हा त्यातल्या बारीक रचनेला इजा होते. बैठकेत खाली जाताना मांडीचं हेच होतं, जोर मारताना खाली जाण्यात छातीचं आणि दंडाच्या मागच्या बाजूचं. दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचतं. लॅक्टिक आम्ल साठून अंग दुखतं असं अजूनही सर्रास सांगितलं जातं, ते चूक आहे. लॅक्टेट तासाभरात रक्तातून निघून जातं. एकदा अशी इजा भरून आली की स्नायूवर जणू कवच चढतं आणि तेवढ्याच कामाने पुन्हा तेवढं दुखत नाही. खाड्यात हे कवच पातळ होत जातं. म्हणजे २०० बैठका मारायची ताकद माझ्यात होती, त्या पचवायची तयारी नव्हती.

पचनाची ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. खाड्यानंतर एकदम अति केलं तर क्वचित स्नायू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर भार येतो. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, अंग सुजलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दमाचं गणित वेगळं आहे. व्यायाम थांबल्यावर रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, काही दिवसांतच घटू लागतो, म्हणून परतल्यावर ताकद असूनही लवकर धाप लागते. पहिल्याच दिवशी लांब झोंबी धरायची नाही ती यासाठी. आणि खाडा तापामुळे पडला असेल तर त्याला वरचं काहीच लागू नाही. तापाचा हृदयावरही परिणाम होऊ शकतो. आधी डॉक्टर, मग माती.

खुराकाबद्दल एवढंच. तालीम सुटली की आपण खुराकही तोडतो आणि परतल्यावर तो विसरतो. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला दिवसाला किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिनं उपयोगी पडतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ९६ ग्रॅम. कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर उभ्याने प्यायलेल्या पाव लिटर म्हशीच्या दुधात त्यातली जेमतेम ९-१० ग्रॅम येतात. डाळ, अंडी, मटण यांनी उरलेलं भरायचं.

यंदा पावसात पुन्हा खाडा पडला, १९ दिवसांचा. परतल्यावर पहिल्या दिवशी ८० बैठका, त्याही अंगात अजून ५० शिल्लक आहेत असं वाटत असताना थांबवल्या. एक दिवस सोडून १००, मग १२०. तिसऱ्या आठवड्यात २०० झाल्या. पहिल्या दिवसानंतरच्या सकाळी दुधाची किटली घेऊन माडीवरून खाली आलो, तेव्हा कठड्याला हात लावावा लागला नाही.