जंगलाचा मालक कोण? इंडोनेशियन कादंबरीतल्या निसर्गाची पार्श्वभूमी

अहमद तोहारींच्या 'रोंगेंग दुकुह पारुक' (१९८२) या कादंबरीच्या सुरुवातीलाच जावातली तीन भुकेली पोरं कसाव्याचा कंद उपटायला धडपडतात. हा तोच कंद, ज्यापासून आपला साबुदाणा होतो. पाऊस नाही, भातखाचरं भेगाळलेली, माती दगडासारखी. शेवटी तिघं बुंध्याशी लघवी करतात, माती भिजते आणि कंद निघतो. दुष्काळ म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात सांगितलेलं मी क्वचितच वाचलं आहे.

निसर्गाकडे पाहण्याच्या या नजरेची मुळं फार मागे जातात. जावातला वायांग, म्हणजे सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ, सुरू होतो तो पर्वत आणि वृक्ष कोरलेल्या 'गुनुंगान'ने. त्यातलं एक लोकप्रिय आख्यान आपल्या खांडववनाचं जावातलं रूप आहे. पांडव राजधानीसाठी रान तोडायला जातात, पण तिथे आधीपासून जिनांचं, म्हणजे अदृश्य भुताखेतांचं, राज्य असतं. त्यांच्याशी निवाडा झाल्याशिवाय रान मिळत नाही. जंगलाला मालक असतो, ही समजूत तिथे अशी पक्की आहे.

१८३० पासून जावावर राज्य करणाऱ्या डच सरकारने हा मालकच बदलला. गावाच्या जमिनीचा पाचवा हिस्सा ऊस, कॉफी, नीळ अशा निर्यातीच्या पिकांना द्यायचा, असा नियम आला. प्रत्यक्षात जाच त्याहून जास्त होता. 'मुलतातुली' या टोपणनावाने एका डच अधिकाऱ्याने १८६० मध्ये लिहिलेल्या 'माक्स हावेलार'मध्ये सैजा या शेतकरी पोराच्या बापाच्या म्हशी स्थानिक अंमलदार ओढून नेतो. त्यातलंच एक जनावर आधी सैजाला वाघापासून वाचवतं. कादंबरी डच भाषेतली आहे, तरी तिला वगळून हा इतिहास सांगता येत नाही.

स्वातंत्र्यानंतरची माझ्या मते सर्वांत ताकदीची अरण्यकथा म्हणजे मोख्तार लुबिस यांची 'हारिमाउ! हारिमाउ!' (१९७५). हारिमाउ म्हणजे वाघ. सुमात्राच्या रानात मात्र हे नाव सहसा उच्चारत नाहीत, त्याला आजोबा म्हणतात. आपल्याकडचा वाघोबा आठवावा. डामर, म्हणजे झाडाची राळ, गोळा करणाऱ्या सात जणांच्या मागे वाघ लागतो. एकाला वाटतं, ही आपल्या पापांची शिक्षा. तो कबुली देतो आणि म्होरक्याचीही पापं बाहेर काढतो. ज्याच्या मंत्र-ताइतांवर सगळ्यांची भिस्त, तो म्होरक्या वाक कातोकच पोकळ निघतो. पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या राजवटीत अनेक वर्षं कैद भोगलेल्या लेखकाने रंगवलेला हा म्होरक्या राजकीय न वाटणं अवघड आहे.

त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या काळात, १९६७ च्या वनकायद्यानंतर, कंपन्यांना लाकूडतोडीचे मोठमोठे परवाने मिळू लागले. पुढे ऑइल पाम, म्हणजे तेलासाठी लावायचा ताड, आला. आयू उतामींच्या 'सामान'मध्ये (१९९८) एक धर्मगुरू दक्षिण सुमात्रातल्या रबर-शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहतो, कारण रबर काढून पाम लावायचा दबाव त्यांच्यावर आहे. दी लेस्तारींच्या 'पार्तिकेल'मध्ये (२०१२) कालिमांतानचे, म्हणजे बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियन भागातले, ओरांगउटान येतात.

आणि 'एका कुर्नियावान' या नावाच्या लेखकाच्या 'लेलाकी हारिमाउ'मध्ये (२००४) मार्गियो हा तरुण एकाचा गळा दातांनी फोडतो. म्हणतो, मी नाही, माझ्या अंगात वाघ आहे. ती पांढरी वाघीण त्याच्याकडे आजोबांकडून आलेली. जावाच्या जंगलातला वाघ दिसेनासा होऊन तेव्हा दोन तपं उलटली होती.