अल्बर्ट हॉल, मँचेस्टर : प्रार्थनागृहाचे संगीतसभागृह कसे झाले

मँचेस्टरच्या पीटर स्ट्रीटवरील अल्बर्ट हॉल आज संगीताच्या जाहीर कार्यक्रमांसाठी ओळखला जात असला, तरी १९०८ ते १९१० या काळात तो उभारला गेला तो वेस्लियन मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या ‘मँचेस्टर अँड सॅल्फर्ड मिशन’ या धर्मप्रसार व सेवाकार्य करणाऱ्या संस्थेसाठी.

या मिशनचे मूळ ओल्डहॅम स्ट्रीटवर आहे. खुद्द पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या हस्ते १७८१ मध्ये तिथे एक चॅपेल, म्हणजे प्रार्थनागृह, सुरू झाले होते. पुढे सुखवस्तू कुटुंबे उपनगरांत राहायला गेली, शहराच्या मध्यात गिरणी कामगार आणि गोरगरीब उरले, आणि चॅपेलमधील बाके रिकामी पडू लागली. तेव्हा पंथाच्या धुरीणांनी जुनी वास्तू पाडून त्याच जागी १८८६ मध्ये ‘सेंट्रल हॉल’ उघडला. कामगाराला चर्चची पायरी परकी वाटते, म्हणून वास्तू चर्चसारखी दिसूच नये, हा त्यामागचा विचार होता. मिशनचे प्रमुख सॅम्युएल कॉलियर यांनी प्रवचनाला अन्नछत्र, निवारा आणि संगीताचे कार्यक्रम यांची जोड दिली. दारूच्या गुत्त्याकडे वळणारी पावले आपल्याकडे वळवायची, तर करमणुकीतही गुत्त्यापेक्षा सरस असले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. रविवारच्या सभांना गर्दी इतकी वाढली की त्यासाठी पीटर स्ट्रीटवरचे फ्री ट्रेड हॉल हे मोठे सार्वजनिक सभागृह घ्यावे लागे. त्याच रस्त्यावर मग मिशनने स्वतःचा अल्बर्ट हॉल बांधला.

ब्रॅडफर्डचे वास्तुविशारद विल्यम मॉर्ली यांच्या आराखड्यात हा हेतू स्पष्ट दिसतो. मुख्य सभागृह तळमजल्यावर नसून वर आहे; त्याला घोड्याच्या नालेच्या आकाराचा सज्जा, उतरती बैठक, छताला रंगीत काचा आणि समोर भव्य ऑर्गन आहे. उंच मनोरा आणि टेराकोटाचे (भाजलेल्या मातीचे) दर्शनी नक्षीकाम सोडले, तर आतली मांडणी नाट्यगृहाचीच म्हणावी लागेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर शहराच्या मध्यातील वस्ती विरळ झाली, पंथाची सभासदसंख्याही घटत गेली, आणि १९६९ मध्ये इथल्या प्रार्थना थांबल्या. वरचे सभागृह त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ बंदच राहिले. दरम्यान खालच्या भागात १९९९ पासून २०११ पर्यंत ‘ब्रॅनिगन्स’ हा बार चालला. दारूबंदीचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्यांच्या वास्तूत असे व्हावे, हे विचित्र खरेच. मात्र वास्तूला संरक्षित वारसा म्हणून दुसऱ्या श्रेणीचा दर्जा असल्यामुळे तिची मूळ रचना बरीचशी टिकली.

२०१३ मध्ये दुरुस्तीनंतर वरचे सभागृह संगीतासाठी खुले झाले. सज्जा आणि ऑर्गन जागच्या जागी ठेवण्यात आले, आणि झाकलेल्या काचा पुन्हा मोकळ्या झाल्या. मेथडिस्टांचे शहरातील काम मात्र ओल्डहॅम स्ट्रीटवरील सेंट्रल हॉलमधून पुढेही चालू राहिले.