फर्माला चकवणारी संख्या

२ चा ३२ वा घात काढा आणि त्यात १ मिळवा. उत्तर येतं ४,२९,४९,६७,२९७. संख्या विषम आहे, शेवटी ५ नाही, अंकांची बेरीज ५९ म्हणजे ३ नेही भाग जात नाही. ७, ११, १३ लावून बघा, दाद देत नाही. ही मूळ संख्याच असणार असं कुणालाही वाटेल. पिएर द फर्मालाही तसंच वाटलं होतं.

तुलूजच्या न्यायालयात काम करणारा हा माणूस गणित करायचा हौसेखातर. २ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा आणि सोळावा घात घेऊन त्यात १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५५३७ मिळतात, आणि पाचही मूळ संख्या आहेत. घातांक असाच दुप्पट करत गेलं तरी दर वेळी मूळ संख्याच मिळेल, असा अंदाज त्याने १६४० च्या सुमारास पत्रांतून मांडला. सिद्धता मात्र त्याच्याजवळ नव्हती.

पुढे गोल्डबाख या गणितज्ञाने या अंदाजाकडे ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाचं लक्ष वेधलं आणि १७३२ मध्ये ऑयलरने निकाल लावला:

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

हे ६४१ सापडलं कसं? या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असावाच लागतो, हे ऑयलरने पुढे दाखवलं. म्हणजे ६५, १२९, १९३, २५७ अशी यादी करायची आणि तिच्यातल्या मूळ संख्याच तपासायच्या. १९३, २५७, ४४९, ५७७ ने भाग जात नाही. पाचवी ६४१, आणि तिथे बाकी शून्य.

गंमत अशी, की ही युक्ती ज्या प्रमेयावर उभी आहे ते फर्माचंच. बरं, युक्ती न लावता २, ३, ५ पासून ओळीने भागत गेलं असतं, तरी ६४१ ही ११६ वी मूळ संख्या. चार-दोन दिवसांचं काम! फर्मासारख्याने ते का केलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

भागाकार न मांडताही पडताळा घेता येतो. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. म्हणजे ५ × १२८ ही ६४१ पेक्षा १ ने कमी, म्हणून तिला ६४१ ने भागलं तर बाकी −१ धरता येते. १२८ हा २ चा ७ वा घात. दोन्ही बाजूंचा चौथा घात घ्या: ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. पण ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा! म्हणून ६२५ च्या जागी −१६ चालतं. १६ हा २ चा चौथा घात, त्यामुळे डावीकडे उरतो उणे २ चा ३२ वा घात आणि बाकी १. म्हणजेच २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ६४१ ने पूर्ण भाग जातो. दोन ओळींत काम फत्ते.

अंदाज फसला, तरी त्या पाच संख्या वाया गेल्या नाहीत. १७९६ मध्ये गाउस या गणितज्ञाने पट्टी आणि कंपास एवढ्यावरच १७ बाजूंचा नियमित बहुभुज काढता येतो हे सिद्ध केलं. त्यामागे १७ चं हेच रूप आहे.

सहावी मूळ संख्या मात्र या मालिकेत अजून कुणाला मिळालेली नाही. ३२ हा घातांक दुप्पट करत करत खुद्द घातांकच २ चा ३२ वा घात, म्हणजे ४२९ कोटींहून मोठा होईपर्यंत नेला, तरी मधली प्रत्येक संख्या विभाज्य निघाली. त्यांतल्या काही अशा, की त्या विभाज्य आहेत हे पक्कं ठाऊक आहे, पण एकही अवयव हाती नाही. त्यापुढच्या संख्येचा फैसला बाकी आहे. ती नुसती लिहायलाच २५८ कोटींहून जास्त अंक लागतात.